सेलाआत्या

माझं ऱ्हस्व-दीर्घ चौथीपासून कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं. कोणी वाचलंच तर रागावू नये.

आमच्या गल्लीतली आत्या ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला की उत्पत्तीपासून बायबल उघडायची आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी प्रकटीकरण संपवूनच मिटायची. लग्न झाल्यापासून एकदाही अपुरं राहिलं नव्हतं. आम्ही बाया तिच्या ओसरीत ऐकायला बसायचो.

स्तोत्रांत मधेमधे 'सेला' येतं. ते आलं की ती थांबून डोक्यावरचा पदर सारखा करायची. तिचं पाहून आम्हीही. सेला म्हणजे शेला, असा तिचा समज. चर्चचे नवे पाळकसाहेब म्हणाले, "आत्या, तो शेला नाही. ती थांबायची खूण असावी."

"मंग पदर घेईपर्यंत आमी थांबतोच ना, सायेब."

तेव्हापासून ती सेलाआत्या.

वंशावळींतली नावं ती गाळत नसे. शेजारची शांताकाकू कंटाळून म्हणाली, "सोडा ना आत्या, कोन वयखते त्याईले?"

"तुह्या बापाचं नाव सोडलं तं चालन का?"

गेल्या वर्षी मोतीबिंदूने तिला अक्षर दिसेना. ऑपरेशन ईस्टरनंतर, म्हणाली, आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मी चारचौघींत कधी तोंड उघडलेलं नाही.

"मले नाही जमत, आत्या."

"अडखळत वाच. मले कुठी गाडी पकडाची हाये?"

मी अडखळतच वाचलं. ईस्टर आला तेव्हा आम्ही यशयातच, जेमतेम अर्ध्यावर होतो. आत्या त्या दिवशी जेवली नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली. बाकीच्या आल्या नाहीत. ऑपरेशन तिने आणखी पुढे ढकललं, पुस्तक संपेपर्यंत. योहानाचं शुभवर्तमान चालू असताना तिला ताप आला आणि त्यातच ती गेली.

माती झाल्यावर अकोल्याहून आलेला तिचा मुलगा घराला कुलूप लावत होता. परक्या पुरुषाशी मी बोलत नाही, पण म्हणाले, "भाऊ, वाचन राह्यलं हाये."

"किती?"

मी पुस्तकाची उरलेली पानं चिमटीत धरून दाखवली. त्याने कुलूप खिशात टाकलं.

"मंग वाचा. मायनं मले अर्ध्यातून कधी उठू देल्लं नाही."

तो रजा वाढवून राहिला. मी रोज संध्याकाळी वाचायची. शेवटचं पान संपलं तेव्हा तो आत चहा ठेवत होता. तिथूनच 'आमेन' म्हणाला. चहा पिऊन त्याने कप धुतले, आणि मग कुलूप लावलं.