पुण्याचं मशिन बिघडलंय

"म्हंजी खोट माझ्या रक्तातच हाय?" थोरल्या दगडूभाऊंनी विचारलं.

"थोडीशी. धोका जरा जास्त, एवढंच."

"मंग तंबाखू सोडून काय उपेग?" असं म्हणून त्यांनी माझ्यासमोरच तंबाखू मळायला घेतली.

शेजारी धाकटा रंगनाथ. त्याचा रिपोर्ट चांगला होता. तो म्हणाला, "दादा, मलाबी दे चिमूटभर. आपल्याला आता भ्या न्हाई."

नव्वदच्या दशकातली, माझ्या शेवगावच्या दवाखान्यातली ही गोष्ट. या दोघांचे वडील आणि चुलते पन्नाशीच्या आतच हार्ट अटॅकने गेलेले. पोरांची तंबाखू सुटावी म्हणून मी बोलून बोलून थकलो होतो. त्याच सुमारास पुण्याच्या एका लॅबमधले माझे जुने सर अशा घराण्यांचं रक्त तपासत होते. एन्झाइम म्हणजे शरीरातली कामं भराभर उरकून देणारा पदार्थ. त्यातलं एक रक्तवाहिन्या आवळायला मदत करतं. ते कमी बनणार की जास्त, हे बऱ्याच अंशी आईबापांकडून आलेल्या जीनवर ठरतं; जास्त बनणाऱ्यांना हार्टचा धोका थोडा अधिक, असं तेव्हा वाटत होतं. मी या दोघांचंही रक्त त्यांच्याकडे पाठवलं. मला वाटलं, रिपोर्ट ऐकून दोघं सुधारतील. एकाने हात टेकले, दुसऱ्याला चेव आला. तंबाखू दोघांचीही वाढली.

आठवड्याने सरांचा फोन. "ट्यूबवर नावं कशाने लिहिलीत?"

"शाईच्या पेनाने, सर."

"आणि पाठवल्या बर्फात. लेबलं धुऊन निघाली. आमच्या माणसाने अंदाजाने नावं घातली. नवीन रक्त पाठवा."

दोघांना बोलावलं. खरं ते सांगितलं. "एकाचं चांगलं आहे, एकाचं जरा वाईट. कुणाचं कुठलं, देवाला माहीत."

रंगनाथ उठला, बाहेर जाऊन तोंडातली तंबाखू थुंकून आला. दगडूभाऊ त्याच्याकडे संशयाने बघत होते.

"माझं चांगलं असंल तर उगा कशाला नासवू?" ते म्हणाले.

"आन् माझं वाईट असंल तर, दादा?"

दगडूभाऊंनी चंची माझ्या टेबलावर ठेवली. "पक्कं कळंस्तवर दोघांची बंद. डॉक्टरसाहेब, रगत कवा काढता?"

मी सिरिंज हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली. "पुण्याचं मशिन बिघडलंय."

सरांना कळवलं, पेशंट तयार नाहीत.

दोघांनीही पन्नाशी कधीच ओलांडली. रस्त्यात भेटले की अजून मशिनची चौकशी करतात. दुरुस्तीला पार्ट मिळत नाही, असं मी सांगतो. माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये सर्वांत गुणकारी ठरलेला रिपोर्ट हाच, जो कुणाचा, ते मला माहीत नाही.