सदाफुलीवाले काका

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका झाडांना भिणारा माणूस अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत सापडला नसता, आणि झाडांना इतका जीव लावणाराही. मोरिवलीच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये त्यांची नोकरी झालेली. पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी ते झाडं दाखवत. "ही कण्हेर. हृदय बंद पाडते. लांबूनच नमस्कार करा." सदाफुलीपाशी कुणी थांबलं की त्याच्या पिशवीतलं दूध नासेपर्यंत सुटका नसे. "हिच्यातून कॅन्सरचं औषध निघतं. एका पेशीच्या दोन व्हायला लागल्या की आत बारीक धागे जुळतात. हे औषध ते जुळूच देत नाही. पेशी मध्येच अडकते आणि शेवटी स्वतःच स्वतःला संपवते!" हे ते इतक्या आनंदाने सांगत, जणू त्या पेशीला त्यांनीच पकडून दिलंय.

मग माझ्या धाकट्या बहिणीला, सुजाताला, रक्ताचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या इंजेक्शननंतर केस गेले. सोनिवलीची आत्या हिरव्या रसाचा ग्लास घेऊन आली. "इंजेक्शनं बंद करा आता. औषध सदाफुलीचंच ना? मग ताजंच देऊ." सुजाताने ग्लास ओठांना लावला आणि दारातून आलेल्या काकांनी तो हिसकावून मोरीत ओतला.

आई किंचाळली. आत्या उसळली, "तुमच्याच तोंडून ऐकलंय मी हे!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मग चूक माझी. मी अर्धंच सांगत आलो. ढीगभर पानांतून औषध निघतं कणभर, बाकी नुसती विषं. ग्लासात काय किती, कुणाला ठाऊक? कॅन्सरच्या आधी या रसानेच पोरगी जाईल."

"आणि इंजेक्शनने बरी होईल, लिहून देता?" आत्याने विचारलं.

काका हळूच म्हणाले, "नाही देता येत."

सुजाताच म्हणाली, "मी इंजेक्शनच घेणार. काका, तुम्ही याल सोबत?"

ते प्रत्येक वेळी गेले. बाटलीवरचं नाव स्वतः वाचल्याशिवाय नर्सला सुई लावू देत नसत. नर्स त्यांना बघून कपाळाला हात लावायची.

काही वर्षांनी डॉक्टरांनी सुजाताला सांगितलं, आता यायची गरज नाही. ती पेढे घेऊन धावत काकांकडे गेली. तोवर त्यांना माणसं आठवेनाशी झाली होती. "कोण आजारी होतं?" त्यांनी विचारलं. सुजाता शेजारी बसली आणि दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट असावी तशी पहिल्यापासून सांगू लागली. काका पुढे सरकून, मुठी आवळून ऐकत होते.

"मग? वाचली का पोरगी?"

"वाचली, काका."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे पुसले.