व्हर्नाने लिहिलेलं पत्र

हार्लो गावात वकील एकच, लेलंड पर्विस. त्यांच्या ऑफिसात व्हर्ना सावचुकने एकतीस वर्षं काढली. निम्म्या गावाची मृत्युपत्रं तिने टाइप केली होती. कोणी कोणाला शेतजमिनीतून वगळलं, सगळं तिला ठाऊक. पण तोंडातून कधी अवाक्षर बाहेर पडलं नाही.

साहेबांना विसर पडायला लागला तेव्हाही ती गप्पच राहिली. आधी नावं गेली, मग तारखा. रोज सकाळी ती त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवायची: आज कोण येणार, काय विचारायचं, सही कुठे करायची. पर्विस चिठ्ठी वाचायचे आणि लोकांसमोर पूर्वीसारखे रुबाबात बोलायचे. तीन वर्षं असं निभावलं. तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा याच माणसाने तिला चार महिने घरी राहू दिलं होतं. ती कशी बोलणार?

मग युनिस प्रुडन आली. मुलगी दारूपायी वाया गेलेली, चार वर्षांची नात जोली सरकारच्या ताब्यात. युनिसला ती स्वतःच्या घरी हवी होती. त्यासाठी कोर्टात मुदतीत अर्ज द्यायचा होता. पर्विस म्हणाले, मी स्वतः देऊन येतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी युनिसला फोनवर सांगितलं, "अर्ज दिलाय. तारीख पुढे गेलीय, तुम्ही यायचं कारण नाही."

व्हर्नाने ते दाराआडून ऐकलं. खात्री करावी असं तिच्या मनात आलं. तिने केली नाही.

अर्जाचा लिफाफा सापडला तो पर्विसांच्या गाडीच्या डिकीत, बर्फ उपसायच्या फावड्याखाली. तोवर युनिसच्या गैरहजेरीत निकाल लागून जोली दूर एडमंटनच्या एका कुटुंबात गेलीसुद्धा होती.

त्याच दिवशी व्हर्नाने रेजायनाला, प्रांताच्या वकील मंडळाला पत्र लिहिलं. सनद देणारे तेच आणि काढून घेणारेही तेच. पाठीमागून वार नको म्हणून तिने पत्र आधी साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बरोबर लिहिलंयस, व्हर्ना. अशा माणसाला कोर्टाची पायरी चढू देता कामा नये." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "कोण गं हा?"

तिने पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकलं.

वसंतात रेजायनाला चौकशी झाली. समोर दोन वकील आणि एक निवृत्त शिक्षिका.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" शिक्षिकेने विचारलं.

"तीन वर्षं."

"आणि कळवलंत आत्ता?"

"हो."

त्या दोघांपैकी अध्यक्ष असलेले वकील म्हणाले, "तुमच्यावर कारवाई करायचा आम्हाला अधिकार नाही. तुम्ही वकील नाही." व्हर्नाला वाटलं, अधिकार असता तर बरं झालं असतं.

पर्विसांची सनद गेली. मंडळाने नेमलेली सास्काटूनची एक वकील येऊन ऑफिसातल्या कागदपत्रांची सगळी खोकी घेऊन गेली. पर्विसांना वृद्धाश्रमात ठेवलं. आता गावकऱ्यांना साध्या खरेदीखतालाही दीड तास गाडी हाकावी लागते. कॉफीच्या दुकानात व्हर्ना शिरली की कोणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणतंच, "गावात एक वकील होता, तोही बाईसाहेबांनी खाल्ला!"

ते तिला सोसतं. युनिसचं बोलणं सोसलं नाही. व्हर्ना माफी मागायला गेली तेव्हा युनिस उंबऱ्यातच उभी राहिली.

"पत्र लिहिलंस, ऐकलं मी. नंतर लिहिलंस ना?" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

सास्काटूनच्या त्या वकिलीणबाईंनी युनिसतर्फे अपील केलं. तोवर पोरगी तिथे रुळली होती; कोर्टाने आजीला वर्षातून दोन भेटी दिल्या. हार्लोहून बस कधीच बंद झालेली. व्हर्नाने गाडीतून न्यायची तयारी दाखवली, दोनदा. दोन्ही वेळा नकार आला.

ऑक्टोबरात युनिस आपणहून व्हर्नाच्या अंगणात येऊन उभी राहिली. हातात लोकरीची टोपी, लहान मुलीची. व्हर्नाने गाडीचं पुढचं दार उघडलं. युनिस मागच्या सीटवर जाऊन बसली. एडमंटनपर्यंत सहा तास दोघींत एक शब्द झाला नाही, आणि परततानाही नाही.