अजून एक घमेलं

चन्नप्पा मेस्त्री गेल्याची बातमी मला कोणी सरळ सांगितलीच नाही. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांचा मोठा मुलगा बसवराज टेंपो घेऊन दारात आला, हातात रिकामी पोती. म्हणाला, "बाई, अप्पानं तुमच्या परसात ठिवलेली वाळू न्यायला आलोय." मी आपली नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं, चार वर्षांनी बरी आठवण झाली. तो खाली बघत म्हणाला, "खड्ड्याला माती कमी पडंल म्हणून सांगून ठिवलंय की त्यांनी." त्यांच्या समाजात माणसाला बसवून पुरतात, हे मला ठाऊक होतं. मी परसाचं दार उघडून दिलं.

चार वर्षांपूर्वी, दुष्काळ सरल्यावर, आम्ही भवानी पेठेतलं पडकं घर उतरवून नवं बांधायला काढलं. यजमान रेल्वेत, सदा फिरतीवर, त्यामुळे कामावर देखरेख माझीच. मी शाळेत गणित शिकवते, आकड्यांत कोणापुढे नमायची मला सवय नाही. मधल्या खोलीची लांबी बारा फूट, रुंदी दहा, भराव अडीच फूट. मी कागदावर मांडून दाखवलं, तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास वाळू. मेस्त्री पायाच्या कडेनं पावलं टाकत एकदा फिरले, तोंडातल्या तोंडात "वंद, येरड, मूर" असं कानडीत मोजत. मग म्हणाले, "साडेतीन लागंल बाई. ओली वाळू फुगून आलेली असती, पाणी मारलं की बसती. तुमचं गणित लई कोरडं हाय." राग आला मला, पण मागवली साडेतीन.

भराव झाला, पाणी मारलं, काठोकाठ बसली. मेस्त्रींचा अंदाज बरोबर निघाला म्हणून मी थोडी हिरमुसलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मधोमध वाळू वीतभर खाली. पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. कुठे वाहून गेल्याची खूण नाही, बाहेर एक कण सांडलेला नाही. मजूर त्या खोलीत एकटे जाईनात. त्या सकाळी चहाची कपबशी मेस्त्रींच्या हातात देता देता मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "मेस्त्री, वाळू जमीन खात नाही. माणसंच खातात." त्यांनी कपबशी तशीच खाली ठेवली. चहावर साय धरली तरी त्यांनी ती उचलली नाही.

मग ते खोलीत गेले, गुडघे टेकले आणि वाळूला कान लावला. बराच वेळ तसेच होते. उठून म्हणाले, "बाई, हिच्या पोटात जागा हाय." उकरल्यावर चार हातांवर दगडी झाकण लागलं, एका कडेला फुटलेलं. खाली ज्वारीचं जुनं पेव होतं. धान्य साठवायचं ते भुयार, कोणी कधी बांधलं, आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. दोरीला बांधून कंदील सोडला. पुरुषभर खाली गेला आणि विझला. त्याआधी मेस्त्रींनी वाकून पाहिलं होतं. ते सरळ झाले तेव्हा कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं होतं.

"काय दिसलं?"

"वाळू."

"आणि?"

"तुमी हितं ऱ्हायाला येणार बाई. वाळूच दिसली."

पहारीनं कडा ठोकत, कान देत ते फिरले आणि म्हणाले, अजून साडेपाच ब्रास. तेवढीच लागली. ना घमेलं कमी, ना जास्त. मग चार पोती वाळू स्वतः आणून त्यांनी परसात नळाशेजारी ओतून ठेवली. "ही वापरू नका. ही माझ्या मापाची हाय." मी तेव्हा हसले. माफी मात्र मागितली नाही. आज मागू, उद्या मागू म्हणता म्हणता राहिलं. घराला गिलावा झाला, फरशी बसली, ते येतच राहिले, पण माझ्या घरचा चहा पुन्हा त्यांनी घेतला नाही. दर वेळी "झालाय की बाई," इतकंच.

त्या दिवशी मी बसवराजबरोबर टेंपोतून मंद्रूपला, त्यांच्या गावी, गेले. शेताच्या कडेला खड्डा खणला होता. उकरलेली माती परत टाकली की ती उरते, ढीग होतो, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. आत तर माणूस बसलेला. पण माती बसत गेली, बसत गेली आणि सगळी टाकून संपली तरी खड्डा हातभर रिकामाच. कोणी कोणाकडे बघेना. बसवराजनं पोती सोडली. चौथं पोतं संपायला आलं तेव्हा वाळू काठाला लागली, आणि पोत्याच्या तळाशी घमेलंभर उरली. मला बरंच वाटलं, म्हणजे मेस्त्रीही एकदा चुकले. बसवराजनं ते घमेलं माझ्यापुढे ठेवलं. "ही तुमची. अप्पा म्हणाले, बाईंच्या खोलीत अजून एक जाईल."

परवा मधल्या खोलीत केर काढताना एक फरशी पायाखाली हलली. उचलली. खाली पोकळी होती, आणि आतून गार वारा येत होता. पूर्वीची मी असते तर फूटपट्टी आणली असती. काही मोजलं नाही. मंद्रूपहून आणलेलं घमेलं उपडं केलं, हातानं सारखं केलं, फरशी बसवली. कणभर उरली नाही, कणभर कमी पडली नाही. मग दोन कप चहा केला, त्यातला एक त्या फरशीवर ठेवला आणि म्हणाले, "मेस्त्री, चुकलं माझं." माझा चहा संपवून त्यांचा कप उचलायला वाकले, तर त्यावर साय धरलेली नव्हती. कप रिकामा होता.