पडद्यामागून जपानी

“याले जपानले पाठवलं, तं परत आल्यावर रुमालाखाली याचा हात कोन धरीन?”

रावसाहेब हे बोलले तेव्हा मी त्यांच्यापासून पाच हातांवर उभा होतो. अमरावतीला, कापूसबाजाराच्या कमिटीच्या दिवाणखान्यात; रावसाहेब तिचे अध्यक्ष. बाकीचे हसले. एकाला ठसका लागला. त्याला पाणी दिले गेले.

प्रश्न व्यवहाराचा होता. आमच्या वऱ्हाडात कापसाचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबून भाव ठरवतात. जपानहून शिकून येणाऱ्याने जपानी कंपनीसाठी असे सौदे करायचे होते. आणि मी महारवाड्यातला. माझी बोटे कोण दाबणार?

शिष्यवृत्ती अशी: वर्षभर जपानात राहायचे, भाषा आणि तिथल्या चालीरीती शिकायच्या, खर्च कमिटीचा. उमेदवार दोनच होतो. मी आणि रावसाहेबांचा पुतण्या. परीक्षा त्या कंपनीच्या अकोल्याच्या जपानी साहेबाने घेतली. मी पहिला आलो. पुतण्या दुसरा आला, कारण तिसरा कोणी नव्हता. कमिटीने दुसऱ्याला निवडले.

या साहेबाकडे मी चार वर्षे कापसाचे नमुने वाहत होतो. नमुन्याच्या निळ्या कागदावर तो अक्षरे काढून दाखवी, मी गिरवी. आधी त्याला माझी जात माहीत नव्हती. पुढे कोणीतरी सांगितली. तेव्हापासून तो कागद टेबलावर ठेवू लागला, हातात देईना. वऱ्हाडी चालीरीती शिकायला त्याला शिष्यवृत्ती लागली नाही. निवडीबद्दल विचारले तर म्हणाला, कमिटीचा निर्णय. त्याला इथेच कापूस घ्यायचा होता.

मला हेवा वाटला. लोक अशा वेळी दुःख झाले असे लिहितात. मला हेवाच वाटला. पुतण्याच्या लोकरी कोटाचा, ट्रंकेवर रंगवलेल्या नावाचा, बोटीवर त्याला होणार होत्या त्या ओकाऱ्यांचासुद्धा.

मग रावसाहेबांचा निरोप आला. जाण्याआधी महिनाभर पोराला शिकव. मी गेलो. हेव्याला जवळ बसायला आवडते. पुतण्या ओसरीत झोपाळ्यावर, मी खालच्या पायरीवर. तो वही पायरीवर टाकी. मी चुका दुरुस्त करून तिथेच ठेवी. मग तो उचली. वहीवर पाणी शिंपडत नसत, शाई फुटली असती.

“काय रे मास्तर, तिकडं भाकर भेटते का नाई?”

“भात भेटते.”

“रोज?”

“रोज.”

“मंग तूच जाय ना बाप्पा!”

तो खदखदून हसला. पोरगा वाईट नव्हता. म्हणूनच जास्त झोंबले.

निरोपाची सभा नाटकगृहात भरली. पुतण्या जपानीत भाषण करणार होता. भाषण मी लिहिलेले. मला पडद्यामागे उभे केले होते. विसरला तर हळूच सांगायचे.

तिसऱ्या वाक्याला तो विसरला. पडद्याकडे पाहू लागला. शब्द माझ्या ओठावर होते. मी बोललो नाही. साऱ्या अमरावतीसमोर तो तोंडघशी पडावा, एवढेच मला हवे होते.

त्याने घाम पुसला आणि पाठ असलेले एकमेव वाक्य म्हटले. ‘हा कापूस ओला आहे.’ चार वेळा म्हटले. एकदा तर छातीवर हात ठेवून.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका पेन्शनर मुन्सफांनी डोळे पुसले. जपानी साहेबाने बुटांकडे पाहिले आणि मग त्यानेही टाळ्या वाजवल्या.

पडद्यामागे मला कळले. माझे बोलणे यांना नको होते, आणि मी गप्प बसलो तरी यांचे काहीच अडत नव्हते. मी पडदा सारला आणि समोरच्या पायऱ्यांनी खाली उतरलो. लोक भराभर बाजूला झाले. विटाळाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच करून घेतला. थेट रावसाहेबांसमोर जाऊन थांबलो.

“रावसाहेब, ओसरीत शिकवाले मी आता येत नाई. पुढच्या साली पुन्हा अर्ज करतो. मार्क भर सभेत वाचून दाखवा.”

“तुले माज आला का रे?”

“आला.”

दुसऱ्या दिवशी साहेबाने मला कामावरून काढले. त्याला अजून इथेच कापूस घ्यायचा होता. आता मूर्तिजापूरच्या जिनात कापसाच्या गासड्या ढकलतो. पुतण्याचे फोटो जिनाच्या कचेरीत येतात. एकात तो फुललेल्या झाडाखाली उभा आहे, कोट घालून. मी लांबून पाहिला. कोटाची बटणे मोजली.

माय म्हणते, “सोड ना बापू आता. काहून जीव जाळतं?”

सोडणार नाही. जे माझे होते त्याचाच हेवा करतो आहे. तो सोडला तर ते कायमचे त्यांचे होईल. यंदाचा अर्ज पाठवला आहे. गुण सगळ्यांसमोर वाचावेत, असे खाली ठळक लिहिले आहे. निकालाच्या दिवशी अमरावतीला जाणार. बसू का म्हणून कोणाला विचारणार नाही. खुर्ची ओढणार आणि बसणार.