खंडेनवमीच्या दोन फ्लॉप्या

मला एका जागी बसता येत नाही. आजही येत नाही, तेव्हा तर मुळीच येत नव्हतं. आई म्हणायची, "पायाले भिंगरी बांधून पाठवलं का वं तुले देवानं?" आणि अशा मुलीनं शिकायला निवडलं काय, तर कॉम्प्युटर. त्या काळात त्यातलं निम्म्याहून जास्त काम नुसतं वाट पाहण्याचं असे.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. बी.एस्सी. झाल्यावर मी धरमपेठेतल्या एका संस्थेत पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं. विषयाचं नाव लांबलचक होतं, त्यात माहिती होती, व्यवस्थापन होतं आणि संगणकही होता. आमच्या घरी ते नाव कुणी दोनदा उच्चारलं नाही. बाबांचा जुनी शुक्रवारीत कूलर बनवण्याचा धंदा होता. पत्रा कापायचा, पेटी ठोकायची, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बसवायच्या, पंप लावायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर गार वारा सोडून दाखवायचा. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावताना दिवसभराचं काम त्यांच्यासमोर ओळीनं उभं असे. घरी येऊन हात धुताधुता ते मला विचारत, "आज तू काय बनवलं वं?"

"प्रोग्रॅम, बाबा."

"हो, पण दाखव ना."

काय दाखवणार? खोडून खोडून काळे केलेले कागद? बाबा चेष्टा करत असते तर मी भांडले असते. पण त्यांना खरोखरच पाहायचं असायचं, आणि त्यानं माझा तिळपापड व्हायचा. मी ताडकन उठून अंगणात फेऱ्या मारायला लागायची.

एकदा जेवताना त्यांनी सांगूनच टाकलं. "दिवाळीपर्यंत पाहू. तुह्या परीक्षेत जमलं तं ठीक. नाही तं पुढच्या साली बी.एड. कर. मास्तरीण झाली तं पोरं तरी दिसतील समोर."

मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. फळ्यासमोर आयुष्यभर तेच ते बोलत उभं राहायचं, या विचारानं माझा जीव कासावीस व्हायचा. मला हेच काम हवं होतं, आणि बाबांनी त्याला काम म्हणायला हवं होतं. दोन्हींतलं एकही माझ्या हातात नव्हतं.

संस्थेत मशीनं मोजकी आणि आम्ही ढीगभर. चपला बाहेर काढायच्या, एसीच्या खोलीत दबक्या पावलांनी जायचं, आपल्या वाट्याचा वेळ संपला की निमूट उठायचं. एसीचं ऐकून बाबा म्हणाले होते, "मशीनीले एसी अन् माणसाले कूलर! वा रे तुहं कॉलेज!" मग जरा विचार करून त्यांनी एक मोठा कूलर स्वस्तात लावून द्यायची तयारी दाखवली. ओल्या हवेनं मशीन बिघडतं असं मी सांगितलं, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांच्या कूलरच्या वाऱ्याला अशी नावं कुणी ठेवली नव्हती.

आपला वेळ नसेल तेव्हा कागदावर लिहायचं आणि कुढायचं. सायकलवर व्हरायटी चौकात लाल दिव्यापाशी उभी असताना अचानक डोक्यात लख्ख प्रकाश पडे की आपली चूक कुठं आहे. पण मशीन मिळणार गुरुवारी. चूक सापडली आहे आणि तिथवर हात पोचत नाही, यासारखी खाज दुसरी नाही. तो गुरुवार येईपर्यंत मी घरातल्या सगळ्यांवर खेकसत असे.

माझा प्रकल्प एका धर्मादाय दवाखान्याच्या औषधांचा होता. कुठलं औषध संपत आलं, कुठलं आधी वापरायला हवं, कुठलं कपाटात पडून वाया चाललं, हे मशीननं सांगायचं. त्यासाठी मी कितीतरी सकाळी कंपाउंडरच्या पाठीशी उभी राहून त्याला भंडावून सोडलं. दसऱ्याच्या थोडं आधी तो सगळा प्रोग्रॅम चालला. एक तपासनीस बाहेरून येणार होते, दसऱ्यानंतर लगेच तोंडी परीक्षा होती.

हे काम फ्लॉपीवर साठवलेलं असे. आता फ्लॉपी कुणी पाहिलेली नसेल म्हणून सांगते. काळं, पातळ, चौकोनी पाकीट, मधोमध भोक, आणि खाली एक लांबट खिडकी. त्या खिडकीतून आतली तपकिरी चकती दिसते. सगळं काम त्या चकतीवर, म्हणून खिडकीला बोटसुद्धा लावायचं नाही. आमच्या सरांचा आणखी एक नियम होता, "प्रत एकच असेल, तर ती नाहीच असं समजा." मी तोही पाळला. माझ्या दोन फ्लॉप्या होत्या, दोन्हींत तेच काम.

दसऱ्याची सुट्टी लागली तेव्हा संस्थेच्या कपाटावर माझा विश्वास बसेना. तिथं कुणीही कुणाच्याही फ्लॉपीवरचं काम पुसून खेळ उतरवून ठेवत असे. मी दोन्ही घरी आणल्या आणि त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीचं विचारलं तेव्हा एक त्यांच्या हातात दिली.

"हे बघा. वर्षभर बनवलं ते सगळं याच्यात आहे. कडेनं धरा."

त्यांनी कडेनं धरली. उलटीपालटी करून पाहिली, उजेडात धरली.

"पूरं याच्यात हाये?"

"पूरं."

"लय हलकं हाये," एवढंच म्हणून त्यांनी परत दिली. एक 'वा' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, असं मला वाटलं. दोन्ही फ्लॉप्या मी भिंतीतल्या कपाटात ठेवल्या आणि फणफणत झोपले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. सकाळीच मी प्रकल्पाची वही बांधून आणायला धंतोलीला गेले होते. परत आले तर पुढच्या खोलीत पाटावर लाल कापड घालून बाबांनी हत्यारं मांडून ठेवलेली. पत्रा कापायची कातरी, हातोडी, पक्कड, लहानमोठे पाने, ड्रिल. बाबांची पूजा म्हणजे नुसतं कुंकू नसे. आधी प्रत्येक हत्यार घासूनपुसून घ्यायचं, मग त्याला तेलाचा हात फिरवायचा, मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि त्या ओळीच्या शेवटी, कागदी पाकिटातून बाहेर काढलेल्या, माझ्या दोन फ्लॉप्या.

त्या काळ्या चौकोनात खऱ्या मशीनसारखी दिसणारी एकच जागा होती, ती खिडकी. बाबांनी बरोबर तिथंच तेलाचं बोट फिरवलं होतं आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. दोन्हींना. एका हत्याराला कुंकू लावून दुसऱ्याला कोरडं ठेवणारा माणूस नव्हता तो.

"तुहंही ठेवलं वं औंदा," बाबा म्हणाले. अंगावर धुतलेला सदरा, चेहऱ्यावर हसू.

मी किंचाळले. "हे काय केलंत तुम्ही! मेलं ना सगळं! वर्षभराचं काम मेलं माझं!"

त्यांच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, कारण त्यांना कळलंच नव्हतं. "अवं, थोडंसंच हाये तेल. मशीनीचं हाये, चांगल्यातलं. जंग नाही लागत."

"त्याला जंग लागत नसतो, बाबा!"

"मग स्पिरिटनं पुसून पाहू का?"

"हात लावू नका!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "सणासुदीच्या दिवशी काहून ओरडून राहिली वं बापावर?"

बाबांवर इतका आवाज मी कधी चढवला नव्हता. आणि राग तरी कसला धरायचा? वर्षभर मी मनातल्या मनात म्हणत होते की एकदा तरी यांनी माझ्या कामाला काम म्हणावं. त्यांनी ते आपल्या हातोडीशेजारी नेऊन मांडलं, त्याला फूल वाहिलं, आणि त्याच हातानं ते संपवलं. मला इतकं रडू आलं की मी घराबाहेर पडले आणि गांधीसागर तलावाला चकरा मारत राहिले. चणेफुटाणेवाला माझ्याकडे संशयानं बघायला लागला तेव्हा घरी आले.

बांधून आणलेल्या वहीत प्रोग्रॅमचं नुसतं वर्णन होतं; एक जुनी छापील प्रत होती, पण अगदी सुरुवातीची. पुढं प्रिंटरची रिबन सुकली आणि नवी आलीच नव्हती. म्हणजे आठवून लिहायचं, दुसरा इलाज नव्हता. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत कागद पसरले. दहा ओळी लिहायच्या, उठायचं, अंगणात एक फेरी, परत दहा ओळी. संध्याकाळी गल्लीतली माणसं सोनं द्यायला निघाली. दरवर्षी बाबा सगळ्यांच्या आधी बाहेर पडत. त्या दिवशी ते आमच्या दारात खुर्ची टाकून बसले. जो येईल त्याच्या हातातली आपट्याची पानं तिथंच घेत होते आणि हलक्या आवाजात सांगत होते, "अंदर नका जाऊ गा. काम चालू हाये पोरीचं."

मी ते ऐकलं. मान वर केली नाही, पण ऐकलं.

संस्था उघडली त्या सकाळी मी सायकल काढली, तर बाबा आपली सायकल घेऊन तयार. मी नको म्हटलं, ते ऐकेनात. संस्थेच्या दाराशी त्यांनी माझ्याआधी चपला काढल्या, सरांपुढे जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फ्लॉप्या धरल्या आणि म्हणाले, "चूक माही हाये, साहेब. पोरीची नाही."

सरांनी पुडी उलगडली आणि अंगावर पाल पडल्यासारखे मागे सरले. "हे आत आणायचं नाही! मशीन बसेल माझं!" मग ते आणखी बरंच बोलणार होते, पण त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच मशीनवर झेंडूची माळ अजून तशीच लोंबत होती आणि दाराशी नारळाच्या पाण्याचा डाग होता. बाबांचं लक्ष त्या माळेकडे गेलेलं सरांनी पाहिलं. त्यांनी घसा खाकरला आणि मला कुणाकुणाचा वेळ मिळेल ते बघायला लागले. वर्गातल्या दोघांनी आपापली पाळी मला दिली.

मी टाइप करायला बसले. बाबांना सरांनी भिंतीशी उभं राहू दिलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत होती आणि बाबा अनवाणी, हात मागे बांधून, माझ्या पाठीमागून पाहत होते. मध्येच मी विसरूनही गेले की ते तिथं आहेत.

परतताना बाबा सायकल माझ्या मागं चालवत होते. मग सायकल माझ्या जवळ घेऊन म्हणाले, "तू कागदाकडे पाहून नव्हती राहिली."

"लिहिलं ना काल. लक्षात आहे."

"मंजे हे पूरं डोक्यातूनच उतरून राहिलं होतं?"

"मग काय तर."

त्यांनी दोनचार पायडलं मारली. मग म्हणाले, "त्यायच्या एसीचा आवाज बरोबर नाही येऊन राहिला." खंडेनवमीनंतर मी पहिल्यांदा हसले.

दुसऱ्यांदा लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्यापेक्षा लहान आणि सरळ झाला होता. तपासनिसांनी एका ठिकाणी खोडा घातलाच. साठ्यात होतं त्याहून जास्त औषध रुग्णांना दिलं असं त्यांनी मशीनला सांगितलं, आणि मशीननं ते मुकाट्यानं मान्य केलं. मी त्यांच्यासमोरच ती चूक शोधून दुरुस्त केली, खुर्चीत धड न बसता, उभ्याउभ्याच. पास झाले. बी.एड.चा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पुढं हिंगण्याकडच्या एका कारखान्यात मला मशीनवरची नोकरी लागली आणि मी रोज सकाळी गाडी पकडायला धावायला लागले.

पुढच्या खंडेनवमीलाही तशीच धावत होते. कारखान्यातल्या फ्लॉप्या मी शहाणपणानं कारखान्यातच ठेवून आले होते. पुढच्या खोलीत बाबांची हत्यारं मांडलेली होती, कातरी, हातोडी, पक्कड, पाने, ड्रिल. त्यांच्या शेवटी एक रिकामा पाट होता.

"बैस वं जराशीक," बाबा म्हणाले.

"उशीर झालाय बाबा, गाडी जाईल."

"बैस म्हनलं ना."

आरतीसाठी म्हणत असतील असं समजून मी हातातल्या डब्यासकट पाटावर टेकले, ड्रिलच्या शेजारी. बाबांनी हात पुसले, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, ओंजळीत झेंडूचं फूल दिलं.

"मागच्या साली जागा चुकली," ते म्हणाले.

मग त्यांनी तेलाच्या वाटीत बोटं बुडवली. मी दचकून मान मागे घेतली.

"खोबऱ्याचं हाये. भिऊन काहून राहिली?" असं म्हणत त्यांनी माझ्या टाळूवर तेलाचा हात फिरवला, हत्यारांवर फिरवत तसाच, सावकाश, कडेपर्यंत. गाडीची वेळ केव्हाच टळून गेली होती, तरी मी त्या पाटावरून उठले नाही.