तिघांचं जेवण

सदुसष्ट साली इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीत पाच-सहा जणांनी सिंहल मैत्री मंडळ काढलं. एक रबरी शिक्का, एक पत्र्याची पेटी, बस्स! पत्रं टाकून टाकून त्यांनी दसऱ्याला सिलोनचे दोन भिक्खू आणि सोमावती नावाची उपासिका बोलावली. उतरायची सोय कौसल्याबाईकडे. बाईनं दीक्षा घेतल्याला अकरा वर्षं झालेली, पण भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत हे तिला सांगणार कोण? तिनं संध्याकाळी बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा रांधला. भन्तेंनी हात जोडले. बाई पदराआड रडायला लागली. तेव्हा सोमावती पाट ओढून बसली आणि तिघांचं जेवण एकटी जेवली. घामाघूम झाली, पण पठ्ठी उठली नाही!

दोघींना एकमेकींची भाषा काडीची येत नव्हती. पाली तेवढी येई, तीही वंदनेपुरती. सकाळी जोडीनं पंचशील म्हणायच्या, मग हातवारे करून भांडायच्या. दर दुसऱ्या दसऱ्याला सोमावती आली. मधल्या काळात कौसल्याबाईचा नवरा वारला, लेक सासरी गेली. घरात भांडायला माणूस उरलं नाही, उरली ती सोमावती एकच.

त्र्याऐंशीत तिकडे दंगे पेटले. पाहुणे आले नाहीत. मंडळाच्या चिटणिसानं, आनंदरावांनी, पेटीला कुलूप ठोकलं.

"बाई, आता दोन सरकारं पाहून घेतील."

"म्या काई सरकारले जेवू घातलं नोतं, भाऊ!" ती कडाडली. "लिवा, सोमावती, तू बरी हायस का?"

पत्र गेलं. दीड वर्ष पोस्टमन दारावरून सरळ गेला. बाई उंबऱ्यात बसून त्यालाच शिव्या घाली. एकटेपण फार वाईट हो.

शेवटी पत्र आलं. गोलगोल सिंहली अक्षरं, वाचणार कोण? दसऱ्याला दीक्षाभूमीवर तिनं एका सिंहली भन्तेंना गाठलं आणि घरी आणलं.

"भन्तेजी, आधी वाचा. अकराच वाजले हायत."

पहिलीच ओळ पालीत होती. "अनिच्चा वत संखारा..." भन्ते थांबले, हिंदीत सांगू लागले. गरज नव्हती. नवऱ्याच्या मयतीत हीच गाथा तिनं म्हटली होती.

"पत्र सोमावतीच्या पोरीचं हाय न?"

भन्तेंनी मान डोलावली. पुढची ओळ तिनंच म्हटली, "उप्पादवयधम्मिनो." आता आपल्याशी भांडणारं जगात कुणी नाही, असं तिला वाटलं.

बाराच्या आत तिनं भन्तेंना जेवू घातलं. ते गेल्यावर सोमावतीचं ताट वाढून स्वतःच पुढं बसली. खूप खाल्लं त्या दिवशी, पण तिघांचं काही तिच्यानं खाववलं नाही.